यादी कशासाठी हवी आहे?



गुरुजींच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मिळणं हा मी माझा सन्मान समजतो. गुरुजी शाळामास्तर होते, पण आसपासच्या वाड्यावस्त्यांना ते ठाऊक होते मतदारयादीच्या कामामुळे. माझ्या नोकरीचा बराच काळ तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत गेला. त्यामुळे त्यांच्या हातचे अर्ज माझ्या टेबलावर येत. यादीचं काम म्हणजे काय, हे ते अर्ज पाहिले की कळायचं. घरातली बाई दारात उभी राहून परक्या माणसाला सगळं सांगते. घरात माणसं किती, सासरे कधी वारले, कोणती मुलगी लग्न होऊन गेली, धाकटा पुण्यात कोणत्या कंपनीत लागला. एरवी अशा चौकशा करणाऱ्याला ती उंबऱ्याशीही उभं करणार नाही. इथं सांगते, कारण तिला घरच्यांची नावं यादीत राहायला हवी आहेत. तेवढ्याच कामासाठी तिनं ती माहिती दिलेली असते.

हीच माहिती उद्या सरकारच्याच दुसऱ्या एखाद्या खात्यानं वेगळ्या कामासाठी मागितली, तर यादी सांभाळणाऱ्यानं काय करावं? आज मला यावर बोलायचं आहे. उदाहरण मी अमेरिकेतलं घेतलं आहे, कारण तिथं हा झगडा उघड्यावर झाला. पत्रं, उत्तरं, खटले, निकाल सगळं नोंदलेलं आहे आणि कोणालाही वाचता येतं.

28 जून 2017. अमेरिकेच्या जवळपास सगळ्या राज्यांच्या निवडणूक प्रमुखांना त्या तारखेचं एक पत्र गेलं. खाली सही क्रिस कोबाक यांची. ते तेव्हा कॅन्सस राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे त्या राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख. शिवाय राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी 11 मे 2017 च्या आदेशानं नेमलेल्या निवडणूक सल्लागार आयोगाचे ते उपाध्यक्ष होते. अध्यक्ष होते उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स. आयोग कशातून जन्मला तेही लक्षात ठेवा. 2016 च्या निवडणुकीत ट्रम्प विजयी झाले, पण देशभरची मतं मोजली तर हिलरी क्लिंटन यांना सुमारे 29 लाख जास्त मिळाली होती. लाखो लोकांनी बेकायदा मतदान केलं म्हणून असं झालं, असा दावा ट्रम्प यांनी केला. पुरावा दिला नाही. पुरावा शोधायला आयोग आला.

पत्रात काय मागितलं होतं? प्रत्येक मतदाराचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख. नोंद असेल तर पक्ष. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. 2006 पासून कोणकोणत्या निवडणुकीत मतदान केलं. नोंदणी चालू आहे की रद्द झाली. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, दुसऱ्या राज्यात नाव आहे का, सैन्यात आहे का, परदेशी राहतो का. मुदत 14 जुलै, जेमतेम पंधरवडा. माहिती ई-मेलनं पाठवा, नाहीतर सैन्यदलाच्या फाइल देवघेवीच्या एका संकेतस्थळावर चढवा. आणि पत्राच्या अखेरीला एक वाक्य होतं: आयोगाकडे आलेली कागदपत्रं जनतेलाही खुली केली जातील.

राज्याच्या कायद्यानं जे जाहीर आहे तेवढंच द्या, असं पत्रात म्हटलं होतं हे खरं. पण मागणीत काय काय होतं ते पुन्हा पाहा. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे ते चार आकडे अमेरिकेत फार मोलाचे. 2011 पर्यंत या नऊ आकडी क्रमांकाचे पहिले तीन आकडे प्रदेशावरून ठरत. माणूस कुठला हे ठाऊक असेल तर त्यांचा अंदाज बांधता येई. माणूस नेमका ओळखला जातो तो शेवटच्या चारांवरून, म्हणून बँकांपासून दवाखान्यांपर्यंत फोनवर ओळख पटवताना तेच विचारतात. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि हे चार आकडे एका ठिकाणी आले, की त्या माणसाच्या नावानं कर्ज काढायला फारसं काही उरत नाही. आता असं कोट्यवधी माणसांचं बाड एकाच जागी असेल तर काय, याचा विचार करा.

तिथल्या व्यवस्थेबद्दल थोडं सांगतो. देशभरच्या निवडणुका घेणारा आपल्यासारखा एक आयोग अमेरिकेत नाही. ज्याचं त्याचं राज्य, ज्याची त्याची यादी. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. यादीतलं काय जाहीर आणि काय गुप्त हेही प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. आपल्याला नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे, मत कोणाला दिलं हे तिथंही गुप्तच, पण मतदान केलं की नाही ही नोंद बहुतेक राज्यांत मिळू शकते, आणि पक्ष ती प्रचारासाठी सर्रास वापरतात. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी खुणा केलेली यादी आणि मतदान करणाऱ्यांची नमुना 17अ ची नोंदवही मोहोरबंद होते. निवडणूक नियम 1961 च्या नियम 93 प्रमाणे सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती पाकिटं कोणालाही उघडता येत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यालाही नाही. स्ट्राँगरूममध्ये ती पाकिटं ठेवताना लाखेवर मोहोर बसली की नाही हे आम्ही दोनदा पाहत असू. मतदानाला कोण आलं आणि कोण आलं नाही, ही माहिती गावातल्या सत्तेच्या हाती पडली तर काय होतं, हे त्या नियमाच्या कर्त्यांना नीट ठाऊक असावं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

कोबाक यांच्या पत्राला उत्तरं आली. ती उत्तरं वाचताना मला फार बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते सांगायलाच हवं. कॅलिफोर्नियाचे अ‍ॅलेक्स पडिया आणि केंटकीच्या अ‍ॅलिसन ग्राइम्स यांनी नकार दिला. हे दोघे विरोधी पक्षाचे, तेव्हा त्यात आश्चर्य नाही. पण मिसिसिपीचे डेल्बर्ट होसमन राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे. आयोगानं खुशाल मेक्सिकोच्या आखातात उडी मारावी, आणि उडी मारायला मिसिसिपी फार चांगलं ठिकाण आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. इंडियानाच्या कॉनी लॉसन तर त्याच आयोगाच्या सदस्य. आपल्या राज्याचा कायदा नाव, पत्ता आणि मतदारसंघ यापलीकडे काही देऊ देत नाही, असं त्यांनी कळवलं. आणि ज्यांनी पत्रावर सही केली त्या कोबाक यांच्या स्वतःच्या कॅन्ससलाही ते चार आकडे देता येईनात, कारण तिथल्या कायद्यानं ते गुप्त. त्या वेळच्या मोजणीप्रमाणे चाळीसहून अधिक राज्यांनी मागितलेल्यापैकी काही ना काही द्यायला नकार दिला. यादी सांभाळणाऱ्यांनी आपला पक्ष बाजूला ठेवून आपल्या कायद्याचं पुस्तक उघडलं. माझ्या लेखी या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

मतदारांनी काय केलं? कोलोरॅडो राज्यात पत्राची बातमी फुटल्यानंतरच्या काही आठवड्यांत तीन हजारांहून अधिक मतदारांनी स्वतःचं नाव यादीतून काढून घेतलं. कोलोरॅडो जी माहिती देणार होतं ती तिथल्या कायद्यानं जाहीरच होती. तरीही लोक गेले. वर्षानुवर्षं मतदान करणारी माणसं कार्यालयात फोन करून विचारत होती, की माझं नाव काढायचं कसं? एकाही मतदाराच्या माहितीचा अजून गैरवापर झालेला नव्हता, तरी नुकसान होऊन गेलं होतं. नाव नोंदवायला लोकांच्या मागे धावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनाच हे नुकसान किती मोठं आहे ते कळेल. एकदा भीतीनं गेलेलं नाव सहजासहजी परत येत नाही.

ती भीती अनाठायी होती असंही कोणी म्हणू नये. 13 जुलैला व्हाइट हाउसनं आयोगाकडे आलेली नागरिकांची पत्रं प्रसिद्ध केली, 112 पानं. बरीचशी टीकेची होती. माझी माहिती सुरक्षित ठेवा, असं कळकळीनं लिहिणाऱ्या माणसांच्या त्या पत्रांबरोबर कित्येकांचे ई-मेल पत्ते, काहींचे फोन क्रमांक आणि घरचे पत्तेही जसेच्या तसे जगापुढे आले. नावं, नंबर झाकण्याचं साधं कारकुनी काम कोणी केलं नव्हतं. आमच्या शाखेत झेरॉक्स देण्यापूर्वी मोबाइल नंबरावर पट्टी चिकटवत, तेवढंच काम.

एका खासगीपणा जपणाऱ्या संस्थेनं 3 जुलैलाच खटला भरला होता. सरकारी खात्यानं नागरिकांची माहिती नव्यानं गोळा करण्याआधी तिच्या सुरक्षिततेवर काय परिणाम होईल याची तपासणी करून ती जाहीर करावी, असा 2002 चा कायदा आहे. ती तपासणी झालेली नव्हती. खटल्यामुळे आयोगाला राज्यांना सांगावं लागलं की तूर्त माहिती पाठवू नका. आर्कान्सा राज्यानं तोवर चढवलेली माहिती पुसून टाकण्यात आली. न्यायालयानं मात्र शेवटी मनाई दिली नाही. आयोग निव्वळ सल्ला देणारा आहे, कायद्याच्या अर्थानं खातं नाही, असं न्यायाधीश कोलार-कोटेली यांचं म्हणणं पडलं. वरच्या न्यायालयानं तर तुम्हाला खटला भरण्याचाच अधिकार नाही, असं त्या संस्थेला सांगितलं. मला तो निकाल पटत नाही. देशभरच्या मतदारांची माहिती मागण्याइतका हा आयोग मोठा होता, मग जबाबदारी घ्यायची वेळ आली तेव्हा तो लहान कसा ठरला?

आता माहिती मिळाली असती तर तिचं काय झालं असतं? याचं उत्तर तर्कानं द्यायची गरज नाही, कारण कॅन्ससमध्ये तो प्रयोग आधीच चालू होता. 2005 पासून कॅन्सस एक 'क्रॉसचेक' नावाचा कार्यक्रम चालवत असे. निरनिराळ्या राज्यांच्या याद्या एकत्र आणायच्या, नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की तो एकच माणूस दोन राज्यांत नोंदलेला आहे असं समजून दोन्हीकडे कळवायचं. आपल्या भाषेत, दुबार नावं शोधायची. ऐकायला अगदी वाजवी वाटतं. स्टॅनफर्ड आणि इतर विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्याचा हिशेब मांडला. क्रॉसचेकनं सुचवलेल्या एका रीतीनं नावं वगळली असती, तर एक दुबार मत रोखण्यासाठी रीतसर मतदान करणाऱ्या सुमारे 300 जणांची नोंदणी गेली असती.

असं का व्हावं, हे महाराष्ट्रात कोणालाही एका मिनिटात समजावता येईल. आपल्या गावांत एका पिढीतल्या किती माणसांची जन्मतारीख 1 जून आहे? इथं बसलेल्यांतही बरेच असतील. आई पोराला घेऊन शाळेत आली, तारीख तिला सांगता येईना, मुख्याध्यापकांनी वय अदमासून दाखल्यावर 1 जून लिहून टाकली. गुरुजींनीही लिहिल्या असतील, त्या काळात सगळेच लिहीत. आता असं गाव घ्या जिथं निम्म्या घरांचं आडनाव पाटील. चुलतभावांनी आपापल्या मुलाला घराण्यातलं तेच नाव ठेवलेलं, आणि दोन्ही पोरांच्या दाखल्यावर 1 जून, वर्षही तेच. दुबार नावांच्या छाननीत अशा जोड्या आमच्यासमोर नेहमी यायच्या. कागदावर एक माणूस, प्रत्यक्षात दोन. फोटो समोर ठेवून, बीएलओला, म्हणजे केंद्रनिहाय नेमलेल्या कर्मचाऱ्याला, घरी पाठवून, वडिलांचं नाव पडताळून मगच नाव वगळण्याच्या अर्जावर, म्हणजे नमुना 7 वर, पुढची कार्यवाही व्हायची. चौकशी न करता वगळलं असतं तर मतदानाच्या दिवशी त्यातला एक जण केंद्रावरून परत गेला असता. तालुक्यापुरतं हे सांभाळता येतं, कारण बीएलओ गावातला असतो आणि दोन्ही पाटलांना ओळखतो. देशाच्या राजधानीत बसून कोट्यवधी नावांची जुळणी करणाऱ्याला दारात जाऊन पाहायला माणूसच नसतो.

नावांवरून आणखीही काही करता येतं. आयोगानं टेक्सास राज्याकडे यादीची मागणी नोंदवताना, हिस्पॅनिक आडनावांच्या मतदारांवर खूण असलेली प्रत मागितल्याचं जानेवारी 2018 मध्ये बाहेर आलं. न्यायालयीन अडथळ्यामुळे ती माहिती आयोगाला पोचली नाही. पण मागणीच्या अर्जावर त्या चौकटीत खूण झाली होती. नाव हे नुसतं नाव नसतं. आडनावावरून जात, धर्म, प्रांत ओळखण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्या आपल्या समाजाला हे जास्त सांगायला नको.

आयोगाचा शेवट थोडक्यात सांगतो. त्याचेच एक सदस्य, मेन राज्याचे मॅथ्यू डनलॅप, यांना आयोगाची कागदपत्रं दाखवली जाईनात. ते कोर्टात गेले आणि डिसेंबर 2017 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. 3 जानेवारी 2018 ला राष्ट्राध्यक्षांनी आयोग बरखास्त केला. डनलॅप यांना कागद मिळाले तेव्हा अहवालाच्या मसुद्यात गैरमतदानाच्या प्रकारांची शीर्षकं तेवढी होती, खाली पुरावा नव्हता.

इथवर ऐकून तुमच्या मनात असं येईल, की राज्यांनी केंद्राला यादी नाकारावी, यातच मतदाराचं हित आहे. तसं नाही, आणि या व्याख्यानात मला सर्वांत जास्त वेळ जिथं थांबायचं होतं ती जागा ही आहे. कोबाक यांच्या पत्राच्या साठ वर्षं मागं, अलाबामात चला.

अलाबामात कृष्णवर्णीयांना मतदार होऊ दिलं जात नव्हतं. टस्कीगी हे गाव ज्या मेकन काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, आहे तिथं कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, त्यांचं नामांकित विद्यापीठ तिथं होतं, आणि शिकलेसवरलेले प्राध्यापक नोंदणीच्या रांगेतून हात हलवीत परत येत. संघराज्याच्या नागरी हक्क आयोगानं 1958 च्या अखेरीस सुनावणी लावली आणि काही काउंट्यांच्या नोंदणीची दफ्तरं मागवली. जॉर्ज वॉलेस तेव्हा तिथं न्यायाधीश होते. त्यांनी आपल्या अखत्यारीतल्या दोन काउंट्यांची दफ्तरं स्वतःच्या ताब्यात घेतली आणि देणार नाही म्हणून जाहीर केलं. हेच वॉलेस पुढे गव्हर्नर झाले, वर्णभेदाचा चेहरा म्हणून जगाला माहीत झाले. संघराज्याचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन हे वॉलेस यांचे कायद्याच्या वर्गातले सोबती. दफ्तरं दिली नाहीत तर अवमानाची कारवाई होईल, असं त्यांनी जानेवारी 1959 मध्ये बजावलं. वॉलेस यांनी घाईघाईनं ती दफ्तरं स्थानिक ग्रँड ज्यूरींकडे, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांकडे, सोपवली आणि त्यांच्यामार्फत ती आयोगाला पाहायला मिळाली. मेकनमध्ये तर नोंदणी अधिकाऱ्यांनी राजीनामेच दिले, म्हणजे खटला भरायचा कोणावर हाच प्रश्न. या अनुभवांतून 1960 चा नागरी हक्क कायदा झाला. संघराज्य निवडणुकीची नोंदणी कागदपत्रं 22 महिने जपून ठेवली पाहिजेत आणि संघराज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं मागितली तर दाखवली पाहिजेत, असं त्यात आलं.

म्हणजे इथं दफ्तर लपवणारं राज्य अन्याय करीत होतं आणि मागणारं केंद्र न्याय. राज्याचा नकार म्हणजे आपोआप मतदाराचं रक्षण, असं समजणाऱ्यानं वॉलेस आठवावेत.

आणि त्याच अलाबामात, त्याच काळात, उलटंही घडत होतं. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे सगळ्या सदस्यांची नावं आणि पत्ते मागत होते. संघटनेनं बाकीचे कागद दिले, सदस्यांची यादी दिली नाही. राज्याच्या कोर्टानं तिला एक लाख डॉलर दंड ठोठावला. 30 जून 1958 ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो आदेश रद्द केला. अशी यादी उघड झाली की नोकऱ्या जातात, मारहाण होते, आणि मग लोक संघटनेत यायचंच थांबवतात, हे न्यायालयानं मानलं. कोलोरॅडोतल्या त्या तीन हजार मतदारांचं दुःख न्यायालयानं सहा दशकं आधी ओळखलं होतं.

एकाच राज्यात, एकाच दशकात एक यादी उघडणं न्याय्य होतं आणि दुसरी झाकणं न्याय्य होतं. फरक कशात होता? मेकनची दफ्तरं मागणाऱ्यानं कारण सांगितलं होतं, कारण खरं होतं, आणि तपास यादी ठेवणाऱ्याचा होता, यादीतल्या माणसाचा नव्हता. सदस्यांची यादी मागणाऱ्याला यादीतली माणसंच हवी होती. म्हणूनच कोणी यादी मागितली की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की तुम्हाला तपासायचं कोणाला आहे, कार्यालयाला की मतदाराला?

2025 मध्ये हा प्रश्न पुन्हा दारात आला. अमेरिकेच्या न्याय खात्यानं राज्यांकडे मतदारयाद्या मागितल्या, आणि या वेळी जाहीर भाग नव्हे तर वाहन परवान्याचे क्रमांक आणि त्या चार आकड्यांसह संपूर्ण. सप्टेंबरमध्ये मेन आणि ओरेगन या राज्यांवर खटले झाले, लगेच कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मिशिगन, मिनेसोटा, पेन्सिल्वेनिया, न्यू हॅम्पशायर यांच्यावर. आधार म्हणून पुढे केलेल्या कायद्यांत एक होता तोच, 1960 चा. वॉलेससारख्यांनी मतदाराला बाहेर ठेवू नये म्हणून केलेला कायदा आता खुद्द मतदारांची छाननी करण्यासाठी वापरला जात होता. त्याच वर्षी परदेशी नागरिकांची पडताळणी करणाऱ्या 'सेव्ह' या संघराज्य यंत्रणेत बदल करून हजारो नावं एकदम तपासण्याची सोय झाली.

यात आपली माणसंही आहेत. न्यूजर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथं स्थायिक झालेली, ग्रीन कार्डावर काही वर्षं काढून मग नागरिकत्वाची शपथ घेतलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. अशा मतदाराचं काय होऊ शकतं हे टेक्सासनं दाखवून दिलं आहे. 25 जानेवारी 2019 रोजी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटनं जाहीर केलं, की यादीतले सुमारे 95,000 मतदार परदेशी नागरिक असावेत. ताळा केला होता वाहन परवान्यांच्या दफ्तराशी. परवाना काढला तेव्हा माणूस ग्रीन कार्डावर, पुढे नागरिक झाला, मतदार झाला, परवान्याच्या दफ्तरात मात्र परदेशीच राहिला, कारण नूतनीकरणाची वेळ आलेली नव्हती. काही दिवसांतच सुमारे 25,000 नावं चुकीची असल्याचं निघालं. तोवर काही काउंट्यांनी पत्रंही पाठवली होती: 30 दिवसांत नागरिकत्वाचा पुरावा द्या, नाहीतर नाव रद्द. एप्रिलमध्ये कार्यक्रम मागे घ्यावा लागला आणि मे महिन्यात त्या अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं. दोन दफ्तरं, दोन्ही आपापल्या कामापुरती बरोबर. एकावर एक ठेवली तेव्हा खऱ्या नागरिकांवर संशय आला.

आता थोडं घरचं. आपली प्रारूप यादी चावडीवर लावली जाते, वाचली जाते, तिच्यावर हरकती येतात. ती उघडी राहिलीच पाहिजे. नाव कोणाचं खोटं आहे, कोण मयत आहे हे गावाला दिसल्याशिवाय यादी स्वच्छ होत नाही. अलीकडे यादी अधिक तपासण्याजोग्या रूपात मिळावी अशी मागणी होते, तिच्याकडेही मी सहानुभूतीनं पाहतो, कारण तिथं तपासायचं असतं कार्यालयाला. पण अर्जावर जे असतं आणि चावडीवर जे लागतं, त्यात अंतर आहे. मोबाइल नंबर, पूर्ण जन्मतारीख, आधार क्रमांक हे चावडीवर लागत नाही, संकेतस्थळावरच्या यादीत फोटोही नसतो. 2022 पासून नमुना 6ब वर आधार क्रमांक घेतले जाऊ लागले. आधार देणं सक्तीचं नाही, असं निवडणूक आयोगानं सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, आणि 66 कोटी 23 लाख आधार क्रमांक आधीच चढवले गेले आहेत हेही तेव्हाच सांगितलं. सक्ती नाही हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? माझ्या आसपासच्या कोणालाही नव्हतं. डिसेंबर 2018 मध्ये तेलंगणच्या निवडणुकीत मोठ्या संख्येनं मतदारांना आपलं नाव सापडलं नाही आणि तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना जाहीर माफी मागावी लागली. आधारच्या जुळणीतून नावं गळाल्याचा आरोप तेव्हा न्यायालयापर्यंत गेला होता.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. ज्या वर्षी कोबाक यांचं पत्र निघालं त्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2017 ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूला लागेल तेवढंच घ्यायला हवं. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात मात्र केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देण्याची मुभा आहे. ती मुभा मतदारांच्या अर्जांवरच्या माहितीपुरती तरी काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी परत त्या 1960 च्या कायद्याकडे येतो, कारण त्यात एक छोटी अट आहे जी साठ-पासष्ट वर्षं फारशी कोणाच्या नजरेत नव्हती. कागद मागायचे तर मागणीतच तिचा आधार आणि हेतू लिहिलेला हवा. जानेवारी 2026 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयानं न्याय खात्याचा खटला फेटाळला. एवढी माहिती केंद्राकडे एकवटली तर लोक नोंदणी करायला कचरतील, असं न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी निकालात म्हटलं. आधार काय आणि हेतू काय, हा प्रश्न त्या खटल्यात मध्यवर्ती होता. पुढची लढाई अपिलात होईल.

माझीही मागणी तेवढीच आहे, की आधार आणि हेतू लिहिला जावा, आणि ती करायला मी कोणत्याही न्यायालयाच्या निकालासाठी थांबणार नाही. प्रत्येक जिल्हा निवडणूक कार्यालयात एक नोंदवही असावी. जाहीर यादीपलीकडची मतदारांची माहिती कोणत्याही खात्यानं, पोलिसांनी किंवा महामंडळानं मागितली, तर त्यात लिहिलं जावं: कोणी मागितली, कोणत्या कलमाखाली, कशासाठी, किती नावांची, दिली की नाकारली, दिली असेल तर कधी नष्ट करणार. ती नोंदवही माहिती अधिकाराचा अर्ज न करता कोणालाही कार्यालयीन वेळेत पाहता यावी. आणि माहिती द्यायचं ठरलंच, तर ती जाण्याआधी त्या मतदाराला लेखी कळवावं आणि हरकत घ्यायला सात दिवस द्यावेत. नाव वगळताना आपण त्याला नोटीस देतोच. ही नोटीस काढायला नवा कर्मचारी लागत नाही, नवा निधी लागत नाही. या जिल्ह्याच्या निवडणूक कार्यालयाला या मागणीचं पत्र मी उद्या देणार आहे. बाहेर टेबलावर त्याची प्रत ठेवली आहे, ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.